हँडल धरणारी

आमच्या काकूइतक्या मोटारसायकलींवर बसलेली बाई शोधून सापडायची नाही. गोल हेडलाइटच्या, जाड टाकीच्या, कुणाकुणाच्या आजोबांनी घेतलेल्या जुन्या गाड्या. त्यातली एकही गाडी तिला गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे घेऊन गेली नाही, कारण काकू बसायची तेव्हा गाडी मेन स्टँडवर असायची आणि समोर स्टुलावर काका, दातांत मेणाचा दोरा धरून.

"डावीकडे," काका म्हणायचे. काकू हँडल डावीकडे वळवायची, अडेपर्यंत. "उजवीकडे." तिकडे. "हळू. आता सोड." मग दोऱ्याची गाठ पडायची, टोक कात्रीने कापलं जायचं आणि पुन्हा डावीकडे.

हे काम काय असतं ते सांगायला हवं, कारण ते कळल्याशिवाय काकू कळायची नाही. हँडलवरून तीन केबल निघतात: क्लचची, पुढच्या ब्रेकची आणि रेसची. शिवाय हेडलाइटच्या पोटातून वायरींची जुडी. हे सगळं हँडलखालच्या मानेजवळून वळतं आणि टाकीखाली शिरतं. बांधलं नाही तर लोंबतं, घासतं, गरम सायलेन्सरला चिकटून वितळतं. आणि हँडल सरळ ठेवून घट्ट बांधलं, तर दिसतं फार सुबक, पण हँडल डावीकडे वळलं की रेसची केबल ताणली जाते आणि गाडी आपल्या मनाने पळायला लागते. म्हणून बांधताना एकाने वर बसून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि खालच्याने प्रत्येक गाठीपाशी केबलला किती मोकळीक सोडायची ते बघायचं. शेवटी इंजिन चालू करून तोच खेळ पुन्हा. "सूर हलता कामा नये," काका म्हणायचे. सूर हलला की सगळ्या गाठी कापून पहिल्यापासून.

आता यावर कुणी म्हणेल, हँडल एका दोरीने ओढून ठेवा की, बाईमाणूस कशाला हवं? मीही म्हटलं होतं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्यांसमोर नाक शिंकरलं.

मी त्यांची पुतणी. आईवडील फिरतीच्या नोकरीत, म्हणून माझी रवानगी काका-काकूंकडे झाली ती झालीच. त्यांना मूलबाळ नव्हतं असं लोक म्हणतात. मी होते ना! स्वभावाने मी तापट. काकू म्हणते, हिला अर्धी किक मारली तरी इंजिन चालू. पुढे गॅरेज, मागे दोन खोल्या आणि मधे एक दार, ज्याला कडी म्हणून कधी लागली नाही. काकांची हाक आली की काकू ओले हात पुसत यायची, पाय टाकून गाडीवर बसायची आणि काम झालं की उतरून पुन्हा भाजी चिरायला जायची. भाजी तशीच, पण काकू थोडा वेळ वेगळीच असायची. सुरी हातात धरून खिडकीबाहेर बघायची. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, आत्ताच प्रवासातून आले."

काकांचे नियम म्हणजे दगडावरची रेघ. प्लॅस्टिकचे टाय वापरायचे नाहीत, ते रबरात रुततात आणि जुन्या गाडीच्या अंगावर उपरे दिसतात. आधी जुन्या चादरीच्या चिंध्यांनी कच्चं बांधायचं, शिंपी कच्चा टाका घालतो तसं, आणि मगच मेणाचा दोरा. आणि तिसरा नियम, जो मला सगळ्यात जास्त टोचायचा: गिऱ्हाइकाची गाडी म्हणजे दुसऱ्याची लेक. कोपऱ्यापर्यंत चालवून बघायची, पोचती करायची, मागे कुणाला बसवायचं नाही. अगदी बायकोलासुद्धा नाही.

तरी त्यांची स्वतःची गाडी होती. होती म्हणजे, कोपऱ्यात ताडपत्रीखाली तिची चेसी होती. काकूच्या लग्नाआधीपासून होती. आणि काकूच्या आयुष्यातली एकुलती एक हौस त्या ताडपत्रीखाली होती.

गोष्ट अशी. काका काकूला बघायला गेले ते बसने. काकूचं माहेर लांब, मधे चढाउताराचा रस्ता. काकूचे बाबा दारातच उभे होते. पाहुणा पिशवी सावरत चालत येताना दिसला तशी ते मोठ्याने म्हणाले, "मोटारसायकली दुरुस्त करणारा बसनं आला होय!" सगळं घर हसलं. दाराआड उभी असलेली काकूही हसली, आणि ते काकांनी बघितलं. मुलगी पसंत पडली, लग्न झालं, निघताना काका सासऱ्यांना म्हणाले, "पुढच्या वेळी हिला माझ्या गाडीवरनं आणतो. इथंच, दारात उतरवतो." बाबा म्हणाले, "मी दारातच उभा असेन, जावईबापू."

पुढची वेळ आली, त्याच्याही पुढच्या आल्या, काका-काकू बसनेच जात राहिले. बाबा दारात उभे असायचेच. "काय जावईबापू, बसनंच का?" काका मूग गिळून हसायचे. बाबा गेले, तसा तो वारसा काकूच्या थोरल्या भावाने, दादांनी घेतला. फोनवर तब्येतीची चौकशी नंतर, आधी, "या वेळी गाडीवरनं येणार की बसनं?"

इकडे ताडपत्रीखालच्या गाडीची तऱ्हा अशी, की जरा उभी राहिली की कुणाचं तरी काम अडायचं. एखाद्याच्या गाडीला जुना हॉर्न मिळत नाही, काका आपल्या गाडीचा काढून देणार. एखाद्याला क्लचचा लिव्हर हवा, हा घ्या. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. काकू ताडपत्री झटकताना काय गेलं ते बघायची आणि काही बोलायची नाही.

पण मी बोलायची नाही असं कसं होईल? एका दुपारी काकांनी त्या गाडीचं पुढचं चाक काढून एका गिऱ्हाइकाला दिलं आणि माझं डोकं फिरलं. मी हातातला चहाचा कप आपटला. "काका, तुम्हाला काकूला न्यायचंच नाहीये. तसं सांगून टाका ना एकदा. बिचारी जन्मभर स्टँडवरच्या गाड्या चालवतेय."

काका फडक्याला हात पुसत बाहेर जाऊन उभे राहिले. काकूने मला दंडाला धरून आत नेलं आणि दार लावलं. त्या दाराला कडी आहे हे मला तेव्हा कळलं.

"एकदा नेलं होतं त्यांनी मला," काकू म्हणाली.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. काकांनी गाडी उभी केली होती. सकाळी निघायचं म्हणून ते पहाटेच उठून केबल बांधत बसले. काकू झोपली होती, तिला कशाला उठवा? एकट्यानेच, हँडल सरळ ठेवून, सासुरवाडीला जायचं म्हणून जरा जास्तच देखणं बांधलं. सगळ्या केबल मानेला घट्ट चिकटवून, एका रेषेत. गल्लीचा कोपरा उजवीकडचा, तिथे काही कळलं नाही. पुढे रस्ता सरळ. वीटभट्टीपाशी रस्ता एकदम डावीकडे वळतो, तिथे काकांनी वेग कमी करून हँडल वळवलं आणि गाडी ओरडतच सुटली. काका रेस बंद करतायत, पण रेस त्यांच्या हातात होती कुठे? ती गाठींच्या हातात होती. काकू विटांच्या ढिगावर पडली. मनगट मोडलं. काकांना खरचटलंसुद्धा नाही, आणि हेच त्यांना जास्त लागलं.

"घरी विटांच्या ट्रकमधनं आलो," काकू म्हणाली. "बाबा दिवसभर दारात उभे होते म्हणे. आम्ही कळवलं, बस चुकली. हात मोडल्याचं पुढं कळलं तेव्हा सांगितलं, न्हाणीत घसरले."

"म्हणजे बाबांना कधीच..."

"कुणालाच नाही. ते चेष्टा करायचे आणि तुझे काका ऐकून घ्यायचे. उत्तर द्यायचं तर सगळं सांगावं लागलं असतं." काकूने आपलं डावं मनगट चोळलं. मला वाटायचं ती तिची सवय आहे. "तेव्हापासनं माझ्या हातात हँडल दिल्याशिवाय त्यांनी एक गाठ मारलेली नाही. गावातला एक माणूस वळणावर पडला नाही त्यांच्या गाडीवरनं. पण मला मागं बसवायचं म्हटलं की त्यांचे हात गार पडतात. म्हणून चाक देतात, हॉर्न देतात. मला कळतं गं ते."

"आणि तुला? तुला अजून जायचंय?"

काकू म्हणाली, "जायचंय म्हणजे काय! बाबा नाहीत, पण दार आहे ना. मला एकदा त्या दारात गाडीवरनं उतरायचंय." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला रडताना फारशी बघितलेली नाही, त्यामुळे काय करावं ते सुचेना. मी उठून चहा टाकला.

त्या दिवसापासून मी काकांवर कप आपटले नाहीत. बसने माहेरी जाताना काकू नेहमी डावीकडची खिडकी का धरते, तेही मला कळलं. वीटभट्टी केव्हाच बंद पडली, आता तिथे नुसतं पडकं धुराडं आहे, पण वळण तेच. बस तिथे वळायला लागली की काकूची मूठ पुढच्या सीटच्या दांडीवर आवळायची आणि ती दांडी ती अगदी हलकी डावीकडे ढकलायची. बसच्या ड्रायव्हरला वाटत असेल आपणच वळवतोय.

मग काकांना काय झालं कोण जाणे, कदाचित वयच बोलायला लागलं, पण त्यांनी गिऱ्हाइकं कमी केली आणि ताडपत्री काढली. दिलेले भाग परत कोण देणार? त्यांनी हुडकले, काही घडवून घेतले. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने चेसीचा इंजिन अडकवायचा मोडका कान जोडून दिला. इंजिन बसलं, टाकी रंगली, नव्या केबल आल्या, हेडलाइटच्या पोटात वायरी भरल्या. चादरीच्या चिंध्यांनी कच्चं बांधून झालं. आता राहिला मेणाचा दोरा. काकू रोज सकाळी हात पुसून दारात यायची. "बसू का?"

"उद्या," काका म्हणायचे.

तो उद्या उजाडायच्या आत काकांना झटका आला. जीव वाचला. जीभ जड झाली, पाय ओढत का होईना ते चालू लागले, पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा, बोटं मिटायची नाहीत. ज्या हाताने रेस द्यायची तोच. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात फिरू दे, गाडीबिडी विसरा. काकांनी मान डोलावली. काकूने मात्र डॉक्टरांकडे बघितलंच नाही. ती काकांचा हात दाबत बसली होती, बोट न बोट.

गॅरेजचं शटर बंदच राहिलं. काका आतल्या खोलीत खिडकीशी बसायचे. गल्लीतून एखादी जुनी गाडी गेली की मान वर व्हायची आणि आवाज कोपऱ्यावर विरला की खाली. हे बघवत नव्हतं. गाडी कुणाला तरी देऊन टाकूया, डोळ्यांसमोर नको, असं मी काकूला म्हटलं. मी औषधांच्या दुकानात काम करते. माझा समज की दुखणं आहे तर गोळी असते.

काकू म्हणाली, "शटर उघड आधी."

दुपारची वेळ होती. शटर वर गेलं तसं ऊन थेट गाडीच्या टाकीवर पडलं. काकूने काकांना हाताला धरून आणलं आणि म्हणाली, "अहो, बसा."

काका स्टुलाकडे वळले.

"तिथं नाही. गाडीवर."

काकांनी जड जिभेने काहीतरी नकार दिला. काकूने ऐकून घेतला आणि मला खूण केली. मी एका बाजूने, शेजारून बोलावलेला वेल्डिंगवाला दुसऱ्या बाजूने, असं करून आम्ही काकांना गाडीवर बसवलं. मग काकू स्टुलावर बसली, चष्मा पुसला, दोरा मेणाच्या तुकड्यावरून ओढला आणि टोक दातांत धरलं. जन्मभर हँडलवरून बघितलेलं ते सगळं तिला तोंडपाठ होतं. हातपाठ मात्र नव्हतं, हे पहिल्या गाठीतच कळलं.

"डावीकडे," दातांत दोरा धरूनच ती म्हणाली.

काकांनी डाव्या हाताने हँडल आपल्याकडे ओढलं. हळू, अडेपर्यंत.

"उजवीकडे."

ढकललं.

"सोडा आता."

पहिली गाठ सुटली. दुसरी इतकी बोजड झाली की काकांना राहवेना. "भाकरीचं... गाठोडं," ते म्हणाले. झटक्यानंतर त्यांनी केलेली ही पहिली थट्टा. काकू म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही मला हळू हळू करत होतात, आता ऐका माझं. डावीकडे!" वेल्डिंगवाला तोंड फिरवून हसला. मी कापलेल्या चिंध्या गोळा करत होते, माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी उगाच गॅरेजमधल्या धुळीला शिव्या देत होते.

हँडलच्या मानेजवळची गाठ आली तेव्हा काका तीनदा म्हणाले, "सैल." काकू सैल सोडायची, ते पुन्हा "सैल." शेवटी तिने दोरा दातांतून काढला. "अहो, एवढी सैल की लोंबेल ती."

"लोंबू दे," काका म्हणाले. "दिसू दे... वाईट."

काकूने मोकळीक आणखी वाढवली. केबलचा वळसा चांगला वीतभर पुढे आला, अगदी गबाळा. एरवी काकांनी असं काम कापून फेकलं असतं.

शेवटची गाठ पडली तेव्हा ऊन टाकीवरून उतरून चाकावर आलं होतं. आता इंजिन. वेल्डिंगवाल्याने बाटलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि किक मारली. मारली, पुन्हा मारली. गाडी ढिम्म. काका काही सांगायला तोंड उघडतात तोवर काकूचा हात टाकीखाली गेला होता. कार्बोरेटरवरची छोटी पिन तिने पेट्रोल वर येईपर्यंत दाबून धरली, बोट फडक्याला पुसलं आणि म्हणाली, "आता मारा." पुढच्याच किकला गाडी फुरफुरली, खोकली आणि लागली बोलायला. ठाय लयीत, सुटे सुटे ठोके.

आता नेहमीप्रमाणे डावीकडे-उजवीकडे करून बघायचं, म्हणजे काम संपलं. काका हँडलला हात घालणार, तेवढ्यात काकू म्हणाली, "थांबा." तिने स्टूल उचलून गाडीच्या मागच्या बाजूला ठेवलं, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि मागच्या सीटवर चढून बसली. दोन्ही हात काकांच्या कमरेभोवती घातले.

"चला," ती म्हणाली.

पाठमोऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण मी त्यांचा डावा हात बघत होते. तो हँडलवरून सुटला आणि पुन्हा हँडलवर आला.

"कोपरा आला," काकू म्हणाली. "उजवीकडे."

काकांनी हँडल उजवीकडे ढकललं. इंजिन तसंच.

"आता सरळ. पाण्याची टाकी गेली. शाळा. कालव्याचा पूल, इथं हळू, खड्डा असतो." तिने डोळे मिटले होते. बसच्या खिडकीतून बघून बघून तिने सगळा रस्ता साठवलेला होता. "झाडं संपली. धुराडं दिसायला लागलं, बघा."

"नको," काका म्हणाले. एवढं स्पष्ट ते आजारानंतर बोलले नव्हते.

"मी धरलंय घट्ट. वळा."

काकांनी हँडल ओढलं. अगदी सावकाश, मध्ये थांबत, आणि मग एकदम शेवटपर्यंत, अडेपर्यंत डावीकडे. मी चिंध्या हातात धरून उभी. वेल्डिंगवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण तोही हातातली बाटली तशीच धरून उभा राहिला.

इंजिन तेच बोलत होतं. ठोका जरासुद्धा वाढला नाही, जरासुद्धा उतरला नाही. ती गबाळी केबल आरामात वळून पडली होती.

काकांनी हँडल बराच वेळ तसंच डावीकडे धरून ठेवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. काकूने गाल त्यांच्या पाठीला टेकवला आणि म्हणाली, "झालं. गेलं मागं."

कुणीच उतरायचं नाव घेईना. पेट्रोल बाटलीभरच होतं. ते संपत आलं तशी गाडी अडखळली आणि बंद पडली. तेव्हा काकांनी विचारलं, "पोचलो?"

"कुठलं! अजून लांब आहे," काकू म्हणाली. "पण आता रस्ता सोपा आहे."

गाडी आता ताडपत्रीशिवाय उभी आहे. कुणी विचारलं तर काकू सांगते, विकायची नाही, आमच्या येण्याजाण्याची आहे. संध्याकाळी मी दुकानातून येते तेव्हा कधीकधी ती एकटीच तिच्यावर बसलेली असते, हात हँडलवर, आणि मी हाक न मारता थोडा वेळ दारात थांबते. माहेरच्या दारात गाडीवरून उतरायची तिची ओढ काही फिटलेली नाही. फिटणारही नाही आता, हे तिलाही माहीत आहे.

काकांना चढउतार जमायला लागल्यावर आम्ही तिघं काकूच्या माहेरी गेलो. बसनेच, दुसरं कशाने जाणार? या वेळी मात्र काकूने डावीकडची खिडकी काकांना दिली. बसस्टँडवरून चालत, काकांच्या पावलाने, घराशी पोचलो तर दादा दारात उभे. डोक्याचे केस गेलेले, पण उभं राहणं हुबेहूब बाबांचं असावं, कारण काकू क्षणभर थबकली.

"काय जावईबापू," दादा म्हणाले, "शेवटी बसनंच आलात ना?"

काकूने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "वळण गाडीवरनं काढलं, दादा," ती म्हणाली. "उरलेलं बसनं."

"वळण? कुठलं वळण?"

काकू उत्तर देणार होती, पण काकांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"डावीकडचं," ते म्हणाले. आणि तिथेच, दारात उभ्या उभ्या, जड जिभेने ते दादांना पहिल्यापासून सांगायला लागले.